लिंबाला बांधलेली जीप

बैलगाडी उभी केली म्हणून ज्याच्या मागे वसुलीवाले लागले, असा आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. आमच्या तांड्यातला पहिला बी.ए.सुद्धा मीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, असं माझ्या आईचं ठाम मत आहे आणि ते खोडून काढण्याइतका पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

आम्ही बंजारा. आमचे पणजोबा-खापरपणजोबा पाठीवर धान्य-मीठ लादलेले शेकडो बैल घेऊन देशभर फिरायचे. जिथे पाणी दिसेल तिथे मुक्काम टाकायचे आणि मन झालं की उठायचे. इतक्या बैलांना त्या काळी कोणी उभं राहण्याचे पैसे मागितल्याचं ऐकिवात नाही. सात पिढ्यांनी फुकट मुक्काम केला आणि आठव्या पिढीत मी पावती फाडली!

त्याचं असं झालं. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, आणि त्या पडलेल्या भावानेसुद्धा कापूस घ्यायला कोणी घाई करत नव्हतं. दारव्ह्याच्या खरेदी केंद्रापुढे बंड्यांची (बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी) रांग लागायची ती थेट गावाबाहेर पोचायची. आज बारदाना संपला, उद्या वजनकाटा बिघडला, परवा प्रत ठरवणारे साहेब रजेवर. लोक बैल घरी पाठवायचे, बंडीखाली सतरंजी टाकायचे आणि तिथेच संसार मांडायचे.

आमची बंडी घेऊन बापू आणि मी गेलो, तेव्हा रांगेचं शेपूट एका पुलावर होतं. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालेलो. अंगात शिस्त इतकी भिनली होती की माशी घोंगावली तरी तिला ओळीत जा म्हणावंसं वाटे. केंद्राला लागूनच एक तारेचं कुंपण घातलेला मोकळा प्लॉट होता आणि त्यावर पाटी होती : 'खासगी जागा. गाडी लावण्याची उत्तम सोय.'

"बापू, इथं लावू. सावली हाये, कुंपण हाये, रीतसर पावती मिळते," मी म्हणालो.

"रस्ता फुकट हाये ना गा," बापू म्हणाले. माझे वडील दिवसाला साधारण पाच वाक्यं बोलायचे. त्यातलं हे एक मी वाया घालवलं.

(घरात आम्ही आमची गोरबोली बोलतो. वाचकांच्या सोयीसाठी ती इथे वऱ्हाडीत उतरवली आहे. आईला मात्र 'याडी'च म्हणेन. दुसऱ्या कुठल्या शब्दात ती मावत नाही.)

मी पावती घेतली, खिशातून पेन काढलं आणि झोकदार सही केली. सहीखाली कंसात 'बी.ए.' लिहिलं. पावतीला मागची बाजू असते आणि तिथेही मजकूर असू शकतो, हे आम्हाला अभ्यासक्रमात नव्हतं.

चौथ्या दिवशी कापूस मोजला गेला. बापू घरून बैल घेऊन आले. प्लॉटवाले शेठ म्हणाले, "चाळीस रुपये."

मी म्हणालो, "दोन दिवस केंद्रच बंद होतं. त्या दिवसांचे पैसे आम्ही का द्यायचे?"

"केंद्र बंद होतं, माहा प्लॉट चालू होता," शेठ म्हणाले.

बापूंनी सदऱ्याच्या खिशातून पैशांची पुरचुंडी काढली होती. मी त्यांचा हात धरला. "प्रश्न चाळीस रुपयांचा नाही बापू, तत्त्वाचा आहे! न्याय मिळेपर्यंत बंडी इथून हलणार नाही!"

थोडक्यात सांगायचं, तर बंडी उभी केल्याचे पैसे मागितले याचा निषेध म्हणून मी बंडी उभी करून ठेवली. बापूंनी माझ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. त्यातल्या त्यात बैलांशी बोलणं त्यांना बरं वाटलं असावं. "चला," ते बैलांना म्हणाले आणि मोकळे बैल घेऊन पायी तांड्याच्या वाटेला लागले.

मग मी पत्रं लिहिली. एकूण तीन. पहिल्या पत्रातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण पुढे ते मला बऱ्याच लोकांनी म्हणून दाखवलं : 'महोदय, सविनय निवेदन की, आमची बंडी आपल्या जागेत अखंड उभी होती, आजही उभी आहे आणि न्याय मिळेपर्यंत अशीच उभी राहील.' शेठचं उत्तर एका ओळीचं आलं : 'कबुलीबद्दल आभारी आहोत.'

हे सगळं घडलं तेव्हा याडी तांड्यात नव्हती. भाचीच्या लग्नासाठी ती उमरखेडकडे माहेरी गेली होती. आणि ती बंडी, हे आता सांगायलाच हवं, तिची होती. तिच्या बापाने सागाचं लाकूड निवडून, स्वतः सुताराच्या उरावर बसून ती करून घेतली आणि लेकीला लग्नात दिली. तो म्हातारा गेला, त्याचं घर पडलं, शेत भावांत वाटलं गेलं. याडीकडे बापाच्या हातचं म्हणून उरलं ते एवढंच. दर पोळ्याला ती बैलांच्या आधी बंडीच्या चाकाला तेल लावायची. तत्त्वाच्या भरात ही गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

सोमवारी सकाळी याडी एस.टी.तून उतरून अंगणात आली. डोक्यावर बोचकं, कोपरापर्यंत बांगड्या, चेहऱ्यावर लग्नाचा आनंद.

"बंडी कोठी हाये?"

बापूंना त्याच क्षणी शेताच्या पार टोकाचा बांध पाहून यायची आठवण झाली. मी घसा साफ केला आणि नागरिकांचे हक्क या विषयापासून सुरुवात केली. मी मुद्द्यावर येण्याआधीच अंगणात एक जीप येऊन थांबली.

तिच्यातून दोघे उतरले. एक दारात मावणार नाही असा पहेलवान. दुसरा काडीसारखा, चष्मेवाला, काखेत पावतीपुस्तक.

"परल्हाद मास्तर बी.ए. इथंच राह्यते का?" चष्मेवाल्याने विचारलं. "कालपर्यंत पंधरा दिवस झाले. भाडं दीडशे. तीन पत्रांच्या हाताळणीचे दीडशे. वसुलीले माणूस पाठवला त्याचे दीडशे. साडेचारशे काढा. नाई तर येत्या बाजारी बंडी विकून टाकू."

"पत्रांचे पैसे?" मी किंचाळलो. "पत्रं तर मी लिहिली!"

"वाचली तं आम्ही ना!" चष्मेवाला म्हणाला. "लय तरास झाला वाचाले."

'बंडी विकू' हे ऐकताना याडीची नजर अंगणातल्या त्या रिकाम्या जागेकडे गेली, जिथे मातीत चाकांचे दोन खड्डे पडलेले होते. मला वाटलं, ती आता रडेल. मला स्वतःलाच रडू येत होतं. आपण किती मोठा गाढवपणा केला आहे, हे मला त्या दोन खड्ड्यांकडे बघून पहिल्यांदा कळलं.

पण याडी रडली नाही. तिने बोचकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्या दोघांना म्हणाली, "आवो, बेसो. उन्हाचे आले. आधी पाणी प्या. मंग भाटी खा. मंग पैशाचं बोलू."

भाटी म्हणजे आमची ज्वारीची जाड भाकरी. तिच्यासोबत तिखटजाळ वरण आणि पाट्यावरची लसणाची चटणी. पहेलवानाने चार खाल्ल्या आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते थोडं चटणीचं होतं आणि थोडं समाधानाचं. जेवण झाल्यावर याडी म्हणाली, "आता मले तो कागद वाचून दाखवा. म्या अनपढ हाये. पुढचं बी वाचा, मांगचं बी वाचा."

चष्मेवाल्याने मागची बाजू वाचली. दर चाकास दररोज पाच रुपये. यांत्रिक वाहनास चौपट. प्रत्येक पत्राचे पन्नास. वसुलीचे दीडशे. मी ते सगळं पहिल्यांदाच ऐकत होतो. सही मात्र खाली माझीच होती, कंसातल्या पदवीसकट!

"बरं," याडी म्हणाली. "तुमचं म्हणनं नायकाच्या कानावर घालू."

प्रत्येक तांड्याला एक नायक असतो आणि तांड्याच्या तंट्यांचा निवाडा त्याच्यापुढे होतो. त्या बैठकीला आम्ही नसाब म्हणतो. आमच्या तांड्यात नसाबीची एक जुनी रीत आहे : तंटा मिटेपर्यंत दोघांनी आपापला बैल दुसऱ्याच्या ताब्यात बांधायचा, म्हणजे निवाड्याआधी कोणी पळून जात नाही.

नायक आले. पांढऱ्या मिशा, हातात काठी, आणि वेळ म्हणजे हातात हवा तेवढा. सगळं ऐकून ते पहेलवानाला म्हणाले, "याईचा बैल म्हणजे बंडी तुमच्याकडं हाये. तुमचा बैल कोणता?"

"आमच्याकडं बैल नाई," पहेलवान म्हणाला.

"जीप हाये ना," याडी म्हणाली.

दोघे हसायला लागले. तेवढ्यात तुरीच्या शेतावर निघालेल्या पंधरा-वीस बाया विळे घेऊन अंगणात काय चाललंय ते बघायला थांबल्या. विळे तुरीसाठी होते, पण हे पहेलवानाला कोणी सांगितलं नाही. त्याचं हसू थांबलं आणि त्याने जीपची चावी नायकांच्या हातावर ठेवली.

नायकांनी कासरा मागवला आणि जीप लिंबाच्या झाडाला बांधली. चांगली गाठ मारून बांधली. शेजारच्या काकीने सवयीने तिच्यापुढे कडब्याची पेंडीही टाकली.

"आता आम्हाले एक पावती दे ना भाऊ," याडी चष्मेवाल्याला म्हणाली. "जीप इथं ठेवल्याची. आम्ही अडाणी मानसं. उद्या तुम्ही म्हनसान, जीप कोनी चोरली."

चष्मेवाल्याला तिची दया आली. त्याने काखेतलं छापील पावतीपुस्तक काढलं आणि रकाने भरले. वाहन : जीप. ठिकाण : तांडा. 'चाके' या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला.

"चार ना?" मी म्हणालो.

"मास्तर, मांगं टांगलेलं बी चाकच असते," तो मला समजावून सांगत म्हणाला. "आमचे शेठ ट्रकवाल्याईचं तसंच धरते." त्याने पाच लिहिलं, सही केली आणि पावती फाडून दिली. याडीने ती घडी करून कमरेला खोचली.

नसाब त्याच दिवशी सुरू झाली. कापसाची शेवटची वेचणी चालू असल्याने ती पुढे रोज सकाळी तासभरच बसायची, लोक शेतावर जायच्या आधी. पहिल्या दिवशी नायकांनी आपल्या पूर्वजांचे बैल कुठून कुठे गेले ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बैल परत आले. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने कधीकाळी हरवलेल्या म्हशीचा विषय काढला आणि तो ऐकून घ्यावाच लागला. चौथ्या दिवशी माझी तिन्ही पत्रं मोठ्याने वाचली गेली. 'अखंड उभी होती, आजही उभी आहे' या वाक्याला बायांनी इतकं हसून घेतलं की ते चष्मेवाल्याला चार वेळा वाचावं लागलं. मी खाली बघून काडीने जमिनीवर रेघोट्या मारत होतो.

मी याडीला बाजूला घेऊन कुजबुजलो, "याडी, लवकर मिटव ना! बंडीचं रोज दहा रुपये भाडं चढून राह्यलं!"

"तू नोको बोलू," ती म्हणाली. "तुह्या बोलण्याचे बी ते पैसे लावतीन."

मंगळवारपासून पहेलवान आणि चष्मेवाला रोज सकाळी सवाऱ्या भरणाऱ्या वडाप जीपने दारव्ह्याहून यायचे. दुसऱ्या दिवशी कुरकुरत आले. तिसऱ्या दिवशी पहेलवानाने येताना बाजारातून वांगी आणली, "मावशी, आज याची भाजी कर ना." चौथ्या दिवशी तो भाटी थापायला बसला. याडी त्याला म्हणाली, "जाड झाली रे," आणि त्याने मान खाली घातली.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, शेठ स्वतः आले. मोटरसायकलवरून उतरले आणि समोर पाहतात तो काय! त्यांची जीप लिंबाला बांधलेली, तिच्या बॉनेटवर कोंबडी बसलेली आणि त्यांचा पहेलवान चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेला!

"हे काय लावलं तुम्ही?" शेठ ओरडले. "पाच दिवस झाले! माही जीप सोडा!"

"बसा शेठ," नायक म्हणाले. "निवाडा आजच हाये."

मग याडी उठली. पावती कमरेला खोचल्यापासून ती नसाबीत एक शब्द बोलली नव्हती. तिने आधी भिंतीकडे बोट दाखवलं. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचचे पाच गठ्ठे. रोज सकाळी ती त्या ओढताना मी पाहिली होती. मला वाटलं होतं, दुधाचा हिशोब असेल.

मग तिने कमरेची पावती काढली आणि चष्मेवाल्याच्या हातात दिली. "भाऊ, हे तुहीच पावती. तुहीच सही. पुढचं तं त्या दिवशी लिव्हलं. आता मांगचं वाच."

चष्मेवाल्याने पावती उलटी केली. वाचायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. एकाच पुस्तकातली पावती, तिच्या मागेही तेच छापलेलं! दर चाकास पाच रुपये. यांत्रिक वाहनास चौपट.

"एका चाकाचे वीस," याडी सावकाश म्हणाली. "पाच चाकाचे शंभर. पाच दिवसाचे पाचशे. आमचे साडेचारशे होते, त्यावर पाच दिवसाचे पन्नास. तेही पाचशे. काल मिटवलं असतं तं आमच्याकडं निघत होते. उद्या मिटवलं तं शेठकडं निघतीन. मले कोनाचा रुपया नोको, अन् माहा कोनी घेऊ बी नोको. म्हनून म्या आज बोलली."

चष्मेवाल्याने धंद्याच्या सवयीने बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला, आणि शेठकडे वळून म्हणाला, "बरोबर हाये, शेठ."

"तू माहा माणूस हाये का त्यायचा?" शेठ गरजले.

"हिशोब कोनाचाच नसते ना, शेठ."

शेठ बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले. मग लिंबाकडे. मग याडीकडे. आणि एवढं मात्र मी त्यांच्याबद्दल नक्की सांगेन की माणूस हरल्यावर हसला. "बाई," ते म्हणाले, "माह्या प्लॉटवर हिशोबाले येसान का?"

"माह्या घरी वेचणी हाये," याडी म्हणाली.

मी तिच्याकडे बघत होतो. बाराखडीसुद्धा न येणारी ही बाई. पाच दिवस म्हशी आणि पूर्वज ऐकत शांत बसली, कारण तिला नेमका एक दिवस हवा होता. छाती अभिमानाने फुगावी, असं मला वाटलं. तशी ती फुगलीही. पण फार वेळ टिकली नाही, कारण नायकांनी काठी आपटली.

"बंडीचा अन् जीपचा निवाडा झाला. आता सहीचा करू."

"सहीचा?" मी दचकलो.

"कागद न वाचता सही कोनं केली? पंधरा दिवस बंडी कोनं ठेवली? तांड्याचे पाच दिवस कोनं घेतले? मास्तरानं. दंड एक बकरा. आज दुपारीच."

"हा अन्याय आहे!" मी उठून उभा राहिलो. "मी याच्यावर अपील करतो!"

"ते काय असते?" नायकांनी विचारलं.

"सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं."

"चालते की!" पहेलवान चुलीपासून आनंदाने ओरडला. "अजून पाच दिवस भाटी!"

मी बसलो.

दुपारी जीप सोडली. जो कासरा तिला बांधला होता तोच तिच्या मागे लावला आणि शेठच्याच जीपने दारव्ह्याहून आमची बंडी ओढत आणली. रस्त्यातल्या रांगेतले कापूसवाले उठून उभे राहून बघत होते. याडी बंडीत ताठ बसली होती, एक हात सागाच्या लाकडावर. अंगणात आल्यावर बंडीची चाकं बरोबर त्या दोन खड्ड्यांत बसली. याडीने तेलाची वाटी आणली आणि पोळा नसताना चाकांना तेल लावलं. तेव्हा मात्र ती रडली, आणि शेजारी उभा राहून मीही रडलो. बापू शेताच्या टोकावरून परत आले आणि त्या दिवसाचं त्यांचं पहिलं वाक्य बोलले, "आली का?"

बकरा साडेसहाशेला पडला. (ज्यांना चाळीस रुपयांचं तत्त्व आठवत असेल, त्यांनी ते कृपया मनातच ठेवावं.) शेठ जेवले, चष्मेवाला जेवला आणि पहेलवान दोनदा जेवला. जाताना तो याडीच्या पाया पडला. माझ्याशी त्याने नुसता हात मिळवला.

बकरा विकणाऱ्याने पैसे घेऊन पावती पुढे केली. मी शहाणा झालो होतो! ती घेतली, आधी उलटी केली, मागची बाजू वरपासून खालपर्यंत वाचली. कोरी होती. समाधानाने खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं.

याडीने पेन माझ्या हातून काढून घेतलं, झाकण लावलं, माझ्याच खिशात ठेवलं आणि पावतीवर स्वतःचा अंगठा उठवला. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, हजारो मुलांच्या दाखल्यांवर सह्या केल्या. पण आमच्या घरात सही करायची परवानगी मला अजूनही नाही!